वेगवेगळ्या काळांतल्या बॉक्सिंगच्या हेवीवेट विजेत्यांच्या काल्पनिक लढती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका वाक्यात सांगा: मुहम्मद अली की माइक टायसन?

1966 सालचा अली, 1988 सालचा टायसन, 15 फेऱ्या, आणि रेफरी फार कडक नसेल तर अली, दहाव्या फेरीनंतर. यातली एक अट बदलली तरी उत्तर बदलतं. 2 ऑक्टोबर 1980 ला लॅरी होम्ससमोर उभा राहिलेला 38 वर्षांचा अली घेतला, तर टायसन त्याला दोन फेऱ्यांत संपवेल. म्हणून अशा वादात आधी तारीख ठरवायची, मग नियम, आणि मगच तोंड उघडायचं.

‘ऐन भरातला’ म्हणजे नेमका कधीचा?

वर्ष धरण्यापेक्षा एक लढत धरा. जो लुईसाठी 22 जून 1938, मॅक्स श्मेलिंगला त्याने पहिल्याच फेरीत 124 सेकंदांत संपवलं ती रात्र. जो फ्रेझरसाठी 8 मार्च 1971, जॉर्ज फोरमनसाठी 22 जानेवारी 1973, टायसनसाठी 27 जून 1988. अलीसाठी बहुतेक जण 14 नोव्हेंबर 1966 सांगतात, क्लीव्हलंड विल्यम्सविरुद्ध ह्यूस्टनमधली लढत.

इथेच एक खाच आहे. सर्वोत्तम दिसलेली रात्र ही बरेचदा समोरच्याचीही पडती रात्र असते. विल्यम्सला 1964 मध्ये पोलिसाची गोळी लागली होती, एक मूत्रपिंड काढावं लागलं होतं. मायकल स्पिंक्स टायसनसमोर 91 सेकंद टिकला, तेवढ्यात टायसनच्या दमाबद्दल काहीच कळत नाही. म्हणून त्या रात्रीच्या आधी-नंतरच्या वर्षभरातली एखादी अवघड लढतही सोबत ठेवा. टायसनच्या बाबतीत टोनी टकरविरुद्धच्या 1987 च्या 12 फेऱ्या पाहिल्याशिवाय बोलू नये.

अली आणि फोरमन यांच्या बाबतीत तर दोन-दोन माणसं आहेत. सैन्यभरती नाकारल्यामुळे आलेल्या 1967 ते 1970 या बंदीच्या काळानंतर अलीचे पाय पूर्वीसारखे राहिले नाहीत. त्याबदल्यात मार खाऊन उभं राहण्याची त्याची ताकद जगाला दिसली. 1973 चा फोरमन तोडफोड करणारा, तर 45 व्या वर्षी मायकल मूररला दहाव्या फेरीत पाडणारा 1994 चा फोरमन जपून, जॅबच्या (पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशाच्या) आधाराने खेळणारा. दोघांचे गुण एकत्र करून तिसराच फोरमन तयार करणं हे अशा चर्चांमधलं सर्वात नेहमीचं पाप.

12 फेऱ्या की 15? इतका फरक पडतो का?

निकाल उलटण्याइतका पडतो. रॉकी मार्सियानो 49-0 (49 विजय, एकही पराभव नाही) या आकड्यासाठी ओळखला जातो. 23 सप्टेंबर 1952 ला फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध तो पहिल्याच फेरीत खाली पडला आणि 12 फेऱ्यांनंतर तिन्ही परीक्षकांच्या कार्डांवर मागे होता. तेराव्या फेरीत त्याच्या उजव्या हाताने वॉलकॉट दोरांना टेकून खाली घसरला. आजच्या 12 फेऱ्यांत ही लढत मार्सियानो हरला असता. 18 जून 1941 ला बिली कॉननेही 12 फेऱ्यांनंतर जो लुईवर दोन कार्डांवर आघाडी घेतली होती, तिसऱ्यावर बरोबरी होती. लुईने त्याला तेराव्या फेरीत पाडलं. 1980 मध्ये माइक वीव्हरने जॉन टेटला पंधराव्या फेरीच्या शेवटच्या मिनिटात झोपवलं, तेव्हा टेटच पुढे होता.

थोडं गणित. समजा, ‘क’ कोणतीही फेरी जिंकण्याची शक्यता 55 टक्के आहे आणि कुणीच खाली पडत नाही. 12 फेऱ्यांत तो जिंकण्याची शक्यता सुमारे 53 टक्के, बरोबरीची 21 आणि हरण्याची 26. 15 फेऱ्यांत बरोबरी निघून जाते आणि जिंकण्याची शक्यता सुमारे 65 टक्के होते. आता नॉकआउट धरू. जोरदार ठोसेवाल्याला प्रत्येक फेरीत लढत संपवण्याची 8 टक्के संधी असेल, तर समोरचा 12 फेऱ्या तगण्याची शक्यता 37 टक्के, 15 फेऱ्या तगण्याची 29 टक्के. जादा तीन फेऱ्या दोघांना मदत करतात: थोडा सरस असलेल्या कुशल बॉक्सरला आणि उशिरापर्यंत ठोशात दम राखणाऱ्याला. नुकसान होतं ते सहाव्या फेरीनंतर हात जड होणाऱ्याचं.

विश्वविजेतेपदाच्या लढती 15 वरून 12 वर आल्या त्या 1982 नंतर. त्या वर्षी रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीनंतर दक्षिण कोरियाच्या किम ड्युक-कूचा मृत्यू झाला. आधी एका संघटनेने नियम बदलला, बाकीच्या 1980 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत आल्या. जॅक जॉन्सनच्या काळात तर 45 फेऱ्यांचा करार होत असे. 1915 मध्ये हवानात जेस विलर्डकडून तो 26 व्या फेरीत हरला.

हातमोजे आणि रेफरीचे नियम कोणाच्या काळातले धरायचे?

जॅक डेम्प्सीच्या काळात हातमोजे 5-6 औंसांचे होते, आज हेवीवेटला 10 औंसांचे असतात. लहान मोज्याने कातडी लवकर फाटते आणि मारणाऱ्याची हाडंही लवकर मोडतात, म्हणून जुने बॉक्सर कमी आणि निवडून मारत. शिवाय 10 औंसांच्या मोज्यांआड चेहरा झाकता येतो. हात वर धरून ठोसे मोज्यांवर झेलायची पद्धत 5 औंसांत तशी चालत नाही, फटीतून मूठ आत येते.

त्याहून मोठा फरक नॉकडाऊनच्या नियमाचा. 4 जुलै 1919 ला टोलेडोत डेम्प्सीने विलर्डला पहिल्या फेरीत सात वेळा पाडलं, आणि तो उठत असताना डेम्प्सी शेजारीच उभा होता. विलर्डचे गुडघे मॅटवरून सुटले की पुढचा ठोसा तयार. 1927 मध्ये शिकागोत टनीला पाडल्यावर डेम्प्सी तटस्थ कोपऱ्यात जायला रेंगाळला, तिथे गेल्याशिवाय मोजणी सुरू होत नसल्याने ती उशिरा सुरू झाली, टनी उठला आणि गुणांवर जिंकला. डेम्प्सीला आजच्या नियमांत उतरवलं तर त्याचं निम्मं शस्त्र काढून घेतल्यासारखं आहे. आजच्या माणसाला 1919 च्या नियमांत उतरवलं तर तो उठताना हात वर घ्यायलाच विसरेल.

रेफरीचं नावसुद्धा ठरवा, हे आम्ही गंभीरपणे सांगतो. 1974 च्या दुसऱ्या लढतीत अली फ्रेझरची मान धरून त्याला खाली दाबत राहिला आणि ते चालून गेलं. 1975 मध्ये मनिलात रेफरी कार्लोस पडिला अलीचे हात झटकून सोडवत होता, आणि फ्रेझरला आत शिरून मारता आलं. क्लिंच (समोरच्याला मिठी मारून धरणं) चालू दिला तर अली, लेनॉक्स लेविस आणि व्लादिमीर क्लिच्को यांची किंमत वाढते. लगेच सोडवला तर फ्रेझर, टायसन, मार्सियानोची.

जुने विजेते आजच्या माणसांपुढे फारच लहान नाहीत का?

वजनाने, हो. डेम्प्सी विलर्डविरुद्ध 187 पौंडांचा, म्हणजे जवळपास 85 किलोचा होता. मार्सियानो 185 पौंडांच्या आसपास, आणि त्याची पोहोच (पसरलेल्या दोन्ही हातांच्या टोकांमधलं अंतर) जेमतेम 68 इंच. हेवीवेटच्या खालच्या क्रूझरवेट गटाची आजची मर्यादा 200 पौंड आहे. म्हणजे आज दोघंही हेवीवेटमध्ये उतरले नसते.

यावर हमखास उत्तर येतं की डेम्प्सीने 245 पौंडांच्या विलर्डला आणि लुईने 260 पौंडांच्या प्रिमो कार्नेराला पाडलं होतंच की! खरं आहे, पण ते दोघं बॉक्सर म्हणून कच्चे होते. त्यांचा आकार मोठा होता, जॅब मोठा नव्हता. लेनॉक्स लेविसची उंची 6 फूट 5 इंच, पोहोच 84 इंच, आणि तो अंतर जॅबने राखायचा, जवळ आलेल्यावर वजन टाकून त्याला थकवायचा. 1.95 मीटरचा माणूस 185 पौंडांच्या माणसाच्या मानेवर दहा फेऱ्या रेलत राहिला, तर पाय आपोआप जातात.

युक्रेनच्या ओलेक्सांडर उसिकने 2024 मध्ये रियाधला 6 फूट 9 इंचांच्या टायसन फ्युरीला दोनदा हरवलं, हा दाखलाही दिला जातो. तो बरोबर आहे, फक्त अर्धा. त्यावरून कळतं की कौशल्य आकारावर मात करू शकतं. पण उसिक स्वतः 6 फूट 3 इंच आणि 223 पौंडांच्या पुढचा आहे. आमचा ढोबळ अंदाज असा: समोरचा तरबेज असेल तर 35-40 पौंडांपर्यंतचा फरक वेग आणि पाय भरून काढतात, त्यापुढे फार कठीण. अली (1966 मध्ये 212 पौंड), सॉनी लिस्टन, फोरमन, होम्स आजही चालतील. लुई, साधारण 200 पौंड, सीमेवर. मार्सियानो आणि डेम्प्सीला फ्युरीपुढे उभं करणं अन्यायाचं आहे. त्यांची खरी लढत आजच्या क्रूझरवेट विजेत्याशी लावा, ती बघण्यासारखी होईल.

‘अ’ने ‘ब’ला हरवलं, ‘ब’ने ‘क’ला, मग ‘अ’ ‘क’ला हरवणारच ना?

नाही. ही साखळी ओढून बघा. अलीने फोरमनला हरवलं (1974), फोरमनने मूररला (1994), मूररने इव्हँडर होलीफील्डला (1994), होलीफील्डने टायसनला (1996), टायसनने होम्सला (1988), आणि होम्सने अलीला (1980). गोल फिरून जागच्या जागी. पहिल्या कडीतला फोरमन 25 वर्षांचा आहे, दुसऱ्या कडीतला 45 चा. होम्स अलीविरुद्ध 30 चा होता, टायसनविरुद्ध 38 चा, आणि समोर 21 वर्षांचा पोरगा.

वय बाजूला ठेवलं तरी शैलीमुळे साखळी तुटते. फोरमनने फ्रेझरला किंग्स्टनमध्ये दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं, केन नॉर्टनला काराकासमध्ये दुसऱ्या फेरीत संपवलं. याच दोघांनी अलीला हरवलं होतं, नॉर्टनने तर त्याचा जबडा मोडला होता. तरीही किन्शासात अलीसमोर फोरमन आठव्या फेरीत पडला. फ्रेझर वाकत-डोलत सरळ पुढे यायचा, आणि वर येणारं डोकं फोरमनच्या अपरकटच्या (खालून वर येणाऱ्या ठोशाच्या) वाटेतच असायचं. अली त्या वाटेत कधी आलाच नाही.

समान प्रतिस्पर्धी वापरायचेच असतील, तर दोन्ही लढतींमध्ये त्याच्या वयातला फरक दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त नको, आणि निकालापेक्षा त्याने कोणत्या ठोशाने त्रास दिला ते टिपा.

अली-टायसनचं उत्तर सविस्तर सांगा ना.

अलीच्या दोन वाईट सवयी होत्या. ठोसा चुकवताना तो खाली न वाकता डोकं सरळ मागे न्यायचा, आणि डावा-उजवा दोन्ही हात कमरेशी असायचे. त्याची किंमत त्याने नेहमी डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) मोजली: 1962 मध्ये सॉनी बँक्स, 1963 मध्ये हेन्री कूपर, 1971 मध्ये फ्रेझर. टायसनकडे तोच हुक होता आणि तो उजव्या बाजूच्या बरगडीवरच्या ठोशामागोमाग यायचा. त्यामुळे पहिल्या चार फेऱ्या अलीसाठी खऱ्याखुऱ्या धोक्याच्या.

टायसनची अडचण उलटी. 5 फूट 10 इंच उंची आणि 71 इंच पोहोच असल्यामुळे त्याला प्रत्येक वेळी जॅबच्या टप्प्यातून आत जावं लागायचं. प्रशिक्षक केव्हिन रूनी कोपऱ्यात असेपर्यंत तो डोकं हलवत, कोन बदलत आत जायचा. तेव्हाही त्याला धरून ठेवणारे टिकले: 1987 मध्ये बोनक्रशर स्मिथ पूर्ण 12 फेऱ्या उभा राहिला. आणि 11 फेब्रुवारी 1990 ला टोकियोत बस्टर डग्लसने लांब जॅब, त्यामागून उजवा आणि जवळ आल्यावर मिठी या तीनच गोष्टींनी त्याला दहाव्या फेरीत संपवलं. तो टायसन ढिला पडलेला होता, हे मान्य. पण आराखडा तोच, आणि अलीकडे डग्लसपेक्षा चपळ पाय होते. म्हणून 15 फेऱ्यांत अली. अंतर 6 फेऱ्यांचं केलं तर आम्ही टायसनच्या बाजूने उभे राहू.

अली विरुद्ध उसिक?

आमच्या मते सगळ्यात रंगतदार जोडी. दोघांची उंची 6 फूट 3 इंच, पोहोचही सारखीच, 78 इंच. उसिक डावखुरा, आणि मूरर 1994 मध्ये जिंकेपर्यंत हेवीवेटला डावखुरा विश्वविजेता झालाच नव्हता. जुन्यांना या कोनाची सवय कमी. सप्टेंबर 1966 मध्ये, म्हणजे ऐन बहरात, अलीला फ्रँकफर्टमध्ये कार्ल मिल्डेनबर्गर या डावखुऱ्याने चांगलंच झुंजवलं. लढत थांबली ती बाराव्या फेरीत.

डावखुऱ्यासमोर डावा जॅब समोरच्याच्या पुढच्या हातावर अडकतो. उपाय दोन: डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर ठेवून सरळ उजवा मारणं, आणि पोटात मारणं. पहिला अलीला जमायचा. दुसरा त्याने जवळजवळ कधी वापरलाच नाही, आणि उसिकला पोटातले ठोसे सर्वात कमी आवडतात. उसिकचा दबाव सातव्या-आठव्या फेरीपासून चढत जातो. 12 फेऱ्यांत आम्ही कुणावरही पैज लावणार नाही. 15 मध्ये अली, एका-दोन गुणांनी.

लुई विरुद्ध अली?

लुई जॅब मारून डावा हात खाली आणायचा. 1936 मध्ये श्मेलिंगने त्यावरूनच उजवा घातला आणि त्याला बाराव्या फेरीत हरवलं. लुईने ही चूक पुष्कळ सुधारली, पण हलत्या पायांनी कॉननेही त्याला दमवलंच. अली, गुणांवर.

टायसन विरुद्ध फोरमन?

इथे घाईने ‘फ्रेझरसारखंच होईल’ म्हणू नका. फ्रेझर उशिरा तापायचा, टायसन पहिल्या घंटेला तापलेला असायचा, आणि त्याचे हात फ्रेझरपेक्षा जलद होते. 1976 मध्ये रॉन लाइलने फोरमनला दोनदा पाडलं होतं, म्हणजे तो पडायचा. पण तो उठून जिंकला. शिवाय खांद्यांवर दोन्ही हात देऊन समोरच्याला मागे ढकलायचं आणि मग अपरकट मारायचा, ही फोरमनची युक्ती उंचीने लहान, पुढे येणाऱ्या माणसासाठीच होती. मागे ढकलल्यावर टायसन कसा अडखळतो ते होलीफील्डने 1996 मध्ये दाखवलं. फोरमन, चौथ्या फेरीच्या आत. सहावी उलटली तर टायसन.

संगणकाने अली-मार्सियानोचा निकाल लावला होता ना?

मरी वोरोनर या मायामीच्या निर्मात्याने 1967 मध्ये रेडिओवर 16 विजेत्यांची काल्पनिक स्पर्धा घेतली. गणित एनसीआर 315 या संगणकावर. त्यात मार्सियानो जिंकला आणि अली चक्क जिम जेफ्रिजकडून हरला. अलीने दावा ठोकला, त्यातून पुढे चित्रपटाची तडजोड झाली. 1969 मध्ये अली आणि वजन उतरवून आलेला मार्सियानो यांनी एक-एक मिनिटाच्या 70 हून अधिक फेऱ्या कॅमेऱ्यासमोर खेळल्या आणि वेगवेगळे शेवट चित्रित केले. 31 ऑगस्ट 1969 ला मार्सियानो विमान अपघातात गेला. चित्रपट 20 जानेवारी 1970 ला लागला. अमेरिकेत मार्सियानो तेराव्या फेरीत नॉकआउटने जिंकताना दिसला, ब्रिटनमध्ये दाखवलेल्या आवृत्तीत जखमांमुळे लढत थांबून अली जिंकला. पुरावा म्हणून त्याचं वजन शून्य, पण मार्सियानोची शेवटची हालचाल टिपलेली म्हणून जरूर बघावा.

स्वतः गणित मांडायचं असेल तर कसं?

साध्या तक्त्यात होतं. प्रत्येक फेरीसाठी तीन आकडे ठरवा: पहिल्याने लढत संपवण्याची शक्यता, दुसऱ्याने संपवण्याची, आणि उभे राहिले तर फेरी पहिल्याला मिळण्याची. हे आकडे सगळ्या फेऱ्यांना सारखे ठेवणं ही मुख्य चूक. 1973 च्या फोरमनसाठी पहिल्या तीन फेऱ्यांत 15-20 टक्के ठेवा, सातवीनंतर 3-4 वर आणा. मग यादृच्छिक अंक घेऊन 1,000 लढती चालवा. उत्तरात साधारण 3 टक्के इकडे-तिकडे होईल, 10,000 चालवल्या तर 1 टक्का. त्याहून बारीक उत्तराला अर्थ नाही, कारण सुरुवातीचे आकडे तुमच्याच अंदाजाचे आहेत. ते 5 टक्क्यांनी हलवून पुन्हा चालवा. विजेता बदलला तर लढत बरोबरीची समजा.

बुद्धिबळासारखी इलो गुणपद्धत बरेच जण वापरतात. त्यात 100 गुणांचा फरक म्हणजे जिंकण्याची 64 टक्के शक्यता, 200 चा म्हणजे 76. एकाच काळातल्या बॉक्सरांसाठी ती ठीक आहे. दोन काळांसाठी नाही, कारण 1938 चे गुण 1938 च्याच माणसांकडून कमावलेले असतात.

जुन्या फिती पाहून वेग कसा ओळखायचा?

मूकपटाच्या काळातल्या फिती बहुधा सेकंदाला 16 ते 18 चित्रांनी घेतलेल्या असत आणि नंतर 24 ने दाखवल्या गेल्या. त्यामुळे जॉन्सन आणि डेम्प्सी तुरुतुरु हलताना दिसतात. चित्रफितीचा वेग 0.7 च्या आसपास आणा. घंटेपासून घंटेपर्यंत तीन मिनिटं भरली की वेग बरोबर, अर्थात फीत मध्ये कापलेली नसेल तर. मग हाताकडे न पाहता पायांकडे पाहा. आणि जिंकलेल्या लढतीपेक्षा हरलेली आधी पाहा.

शेवटचं: लिस्टन विरुद्ध फोरमन?

या दोघांनी सरावात एकमेकांना मारलेलं आहे. कोवळा फोरमन लिस्टनचा सरावातला जोडीदार होता. लिस्टनची पोहोच 84 इंच आणि जॅब असा की तो एकटाच माणसाला मागे रेटायचा. फोरमनला रेटायची सवय होती, रेटून घ्यायची नव्हती. 1962 चा लिस्टन, 1973 चा फोरमन, 15 फेऱ्या: लिस्टन, सहाव्या फेरीत.